तरुण मंडळाचा वडीलधारा सोबती

आमच्या खेड्यांतून तरुण मंडळे जन्मास येतात ती बहुधा नाताळच्या सुमारास. गोठा उभारावयाचा असतो, कामट्यांची चांदणी उंच टांगावयाची असते, घरोघर नाताळगीते गात फिरावयाचे असते. दहापंधरा मुले जमतात, मंडळाला एखाद्या संताचे नाव मिळते, पावतीपुस्तके छापून येतात, अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडले जातात. जानेवारीत फुटबॉलचे नाही तर क्रिकेटचे सामने होतात आणि गावाला वाटते, यंदा मुले खरोखरच मार्गाला लागली. मग उपवासकाळ येतो, परीक्षा जवळ येतात, सभेला चारपाच मुलेच दिसू लागतात. आणि मिरगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत मंडळाचा रंगीत फलक तेवढा भिंतीवर उरलेला असतो. पुढल्या डिसेंबरात निराळ्या नावाने दुसरे मंडळ निघते. खानापूरकडील वाड्यांपासून गोव्यातील गावांपर्यंत हे चक्र आम्ही इतक्या वेळा फिरताना पाहिले आहे, की त्याच्या कारणाचा विचार करणे भाग पडते.

कारण विचारले तर वडील मंडळी एका सुरात उत्तर देतात: आजकालच्या पोरांना चिकाटी नाही, हातातला मोबाइल सुटत नाही, आमच्या वेळी असे नव्हते. आमच्या आठवणीप्रमाणे त्यांच्या वेळीही असेच होते. त्या वेळी मोबाइल नव्हता एवढाच फरक. आमचे मत निराळे आहे. गावात मुले कमी पडत नाहीत, उत्साहही कमी पडत नाही. कमी पडते ते एक वडील माणूस. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊन दार उघडणारे, दिवा लावणारे, आलेली मुले दोन असोत की वीस, शेवटचे मूल घराकडे वळेपर्यंत थांबणारे माणूस. असे माणूस ज्या मंडळाला लाभले ते पावसाळा ओलांडते. ज्याला लाभले नाही त्याचा अध्यक्ष कितीही हुशार असला तरी बारावीची परीक्षा, पहिली नोकरी अगर पहिले भांडण त्याला पुरून उरते.

ही बाब लहान आहे असे कोणी समजू नये. दृढीकरणाचा संस्कार होईपर्यंत मूल धर्मशिक्षणाच्या वर्गाला येते. त्यानंतर ते फादरांच्या दारी पुन्हा येते ते बहुधा लग्नाच्या चिठ्ठ्या काढण्याच्या वेळी. मध्ये दहाबारा वर्षे जातात. या वर्षांत त्याच्या संध्याकाळी कोठे जातात, त्याच्या हाती पहिला पेला कोणी दिला, पैशाची पहिली उसनवारी त्याने कोणाकडे केली, घर सोडून आखातात किंवा पुण्याला जाण्याचा निश्चय त्याने कोणाच्या सांगण्यावरून केला, हे आईबापांना सर्वांच्या शेवटी कळते. घराबाहेरचे, पण घराच्या बाजूचे असे एखादे मोठे माणूस या वयात मुलाला हवे असते. काका, मामा हे काम पूर्वी करीत. आता काका मुंबईला आणि मामा मस्कतला असतो.

अशा माणसाला काय म्हणावे हा प्रश्नच आहे. ‘पुढारी’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला आहे. आमच्या भाषेत तो एके काळी चांगला होता. निवडणुकांनी तो खराब केला. ‘मार्गदर्शक’ म्हटले की भाषणे आठवतात. मुले आपणहून ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणतात तेच बरे. या लेखापुरते आम्ही त्याला वडीलधारा सोबती म्हणू, कारण त्याचे सारे काम या दोन शब्दांत आहे आणि दोन्ही एकदम साधणे कठीण आहे.

या कामाचा धडा कोणाकडून घ्यावा असे विचारल्यास आम्ही प्रथम संत डॉन बॉस्को यांच्या तरुणपणाकडे बोट दाखवू. त्यांच्या नावाच्या मोठमोठ्या शाळा आपण पाहतो आणि सारे काही पहिल्यापासून असेच भव्य असेल असे समजतो. १८४१ च्या जूनमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांच्यापाशी एक खोलीही स्वतःची नव्हती. इटलीतील तुरिन शहर त्या वेळी झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत, धुराडी साफ करीत आणि रविवारी रस्त्यांतून भटकत. त्या वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, ते मिस्साची वस्त्रे चढवीत होते. थंडीतून आत शिरलेला एक सोळा वर्षांचा पोरका मुलगा तेथे कोपऱ्यात उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्साची सेवा करावयास सांगितले. त्याला ती येत नव्हती, तेव्हा सेवकाने मारून त्याला बाहेर घालवले. डॉन बॉस्कोंनी त्या सेवकाला खडसावले आणि मुलाला परत बोलावले. मिस्सानंतर त्यांनी त्याची विचारपूस केली. वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते, आईबाप उरले नव्हते. चरित्रकार सांगतात की शेवटी त्यांनी त्याला शीळ वाजवता येते का असे विचारले, तेव्हा तो मुलगा प्रथम हसला. बार्तोलोमेओ गारेल्ली हे त्याचे नाव. पुढच्या खेपेस तो आपल्याबरोबर दुसरी मुले घेऊन आला.

शिळेचा हा प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. त्यापूर्वीच्या साऱ्या प्रश्नांना त्या मुलाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागले होते. आमच्या मंडळांत नव्या मुलाला आपण काय विचारतो ते आठवून पाहावे: कितवीत आहेस, किती टक्के मिळाले, धर्मशिक्षणाला का येत नाहीस. ज्याच्यापाशी या प्रश्नांची लाजिरवाणी उत्तरे आहेत तो मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि मंडळाची सर्वांत अधिक गरज असते ती त्यालाच.

पुढील कथा आमच्या गावकऱ्यांना अधिक ओळखीची वाटेल. मुले वाढली तशी जागा पुरेना. जेथे जावे तेथून गोंगाटाच्या तक्रारी येत. एका दफनभूमीतील प्रार्थनागृहात एकच रविवार निभावला, गिरण्यांजवळच्या जागेतून निघावे लागले, भाड्याच्या खोल्या सोडाव्या लागल्या. शेवटी फिलिप्पी नावाच्या भावांचे एक कुरण भाड्याने मिळाले. तेथेही मुलांच्या धावपळीने गवत मुळापासून गेले म्हणून मालकांनी निघून जाण्यास सांगितले. भाताच्या कापणीनंतर शेतात क्रिकेट खेळून बांध फोडल्याबद्दल ज्यांनी बोलणी खाल्ली आहेत त्या वाचकांना येथे हसू आल्याशिवाय राहणार नाही. १८४६ च्या ईस्टरला, १२ एप्रिल रोजी, वाल्दोक्को येथील पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक बुटकी पडवी भाड्याने मिळाली आणि तेथून भटकंती संपली. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ मंडळ चालू होते आणि सभागृह नव्हते. आज आमच्याकडे सभागृह बांधून होते, त्याच्या उद्घाटनाचा फोटोही छापून येतो, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शनिवारी संध्याकाळी कोणालाच ठाऊक नसते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांच्या मातोश्री मार्गारेट गाव सोडून तुरिनला आल्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. शेतकरी विधवा, लिहिता-वाचता न येणारी. पुढील दहा वर्षे, म्हणजे १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी शेकडो मुलांचे कपडे शिवले आणि पातेली ढवळली. मुलांनी लुटुपुटीच्या लढाईत त्यांची भाजीची बाग तुडवून टाकली तेव्हा त्या कंटाळून गावी परत जाण्यास निघाल्या होत्या, अशी आठवण सांगतात. मुलाने भिंतीवरील क्रूसाकडे पाहिले आणि त्या थांबल्या. मंडळाचे काम शिकलेल्या पुरुषांचे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी या बाईंचा विचार करावा. गावातील एखादी निवृत्त परिचारिका, एखादी शिवणकाम करणारी बाई या कामास अधिक योग्य ठरण्याचा संभव आहे. तिच्यापाशी मुले मन मोकळे करतात.

म्हातारपणी, १८८४ च्या मे महिन्यात, डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या तुरिनच्या सहकाऱ्यांस एक पत्र पाठविले. संस्था तोपर्यंत मोठी झाली होती, नियम होते, देखरेख होती. तरी त्यांना काहीतरी हरवल्यासारखे वाटत होते. त्यांची तक्रार थोडक्यात अशी, की मोठी माणसे आता मुलांत खेळत नाहीत. कडेला उभी राहून आपापसांत बोलत असतात. मुलांवर आपले प्रेम असणे पुरेसे नाही, ते त्यांना दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या सामन्यांच्या वेळी मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली प्रतिष्ठित मंडळी पाहिली की आम्हांला या पत्राची आठवण होते. खुर्ची ही मंडळाच्या सोबत्याची वस्तू नव्हे.

आता सोबती मैदानात उतरला म्हणजे सर्व झाले असेही नाही. उत्साही माणूस मैदानात उतरतो आणि पाहता पाहता सारा खेळ आपल्या ताब्यात घेतो. संघ तोच निवडतो, पंच तोच होतो, नाताळच्या नाटकाचे मुख्य काम त्याचेच असते. मुले टाळ्या वाजवावयास उरतात. हा दोष आळशी माणसात आढळत नाही. कष्टाळू, प्रामाणिक, मुलांविषयी खरी कळकळ असलेल्या माणसातच तो आढळतो, म्हणून तो कोणी बोलून दाखवीत नाही. पण आमच्या पाहण्यात मंडळे बुडाली त्यांपैकी बरीच आळसाने बुडाली नसून एका माणसाच्या अति कष्टांनी बुडाली. तो आजारी पडला अगर त्याची बदली झाली, की त्या दिवशी मंडळ संपले.

यावरचा उपाय एका सेनाधिकाऱ्याने दाखविला हे थोडे नवलाचे आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांची एक छावणी भरविली. त्यांत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले होती, तशीच कामकऱ्यांचीही होती. हुकूम देण्याची सवय असलेल्या या गृहस्थाने मुलांचे चार लहान गट पाडले आणि प्रत्येकावर त्यांतीलच एका मुलाला नायक नेमले. गटाचा तंबू, गटाचे खाणे, गटाची शिस्त ही त्या नायकाची जबाबदारी. बालवीर चळवळ पुढे जगभर पसरली, आपल्या देशातही १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली. पण गणवेश आणि गाठी यांपेक्षा हा गटाचा विचारच तिचा कणा आहे. मोठ्याने वीस मुलांना सांभाळू नये. चार नायकांना सांभाळावे आणि त्यांनी उरलेल्यांना सांभाळावे.

आमच्या मंडळांत हे सहज करता येईल. चोवीस मुले असतील तर सहासहांचे चार गट करावेत. एका गटाकडे चेंडू, जाळी व मैदान. दुसऱ्याकडे दफनभूमीची व विहिरीच्या काठाची साफसफाई. तिसऱ्याकडे गाणी आणि वाद्ये. चौथ्याकडे गावातील एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधे, रेशन व लाइट-बिल. दर तीन महिन्यांनी कामे बदलावीत. सोबत्याने आठवड्यातून एकदा चार नायकांबरोबर अर्धा तास बसावे. हा अर्धा तास आम्हांला रविवारच्या साऱ्या सभेहून मोलाचा वाटतो.

त्या अर्ध्या तासात बोलावे काय, याचे उत्तर बेल्जियममधील एका धर्मगुरूंनी दिले आहे. जोसेफ कार्डाइन १८८२ मध्ये कष्टकरी घरात जन्मले. ते धर्मगुरू होण्यासाठी शिकावयास गेले तेव्हा त्यांचे शाळूसोबती गिरण्यांत कामाला लागले. आणि सुट्टीत घरी आल्यावर त्यांना दिसले की तेच मित्र आता त्यांना परके, किंबहुना शत्रू मानतात. ही सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १९१२ मध्ये ब्रसेल्सजवळच्या लाकेन येथे नेमणूक झाल्यावर त्यांनी काम करणाऱ्या मुलामुलींना जमवून प्रथम प्रवचन दिले नाही, तर प्रश्न विचारले: तुम्ही काम करता तेथे किती तास राबता, कोण कसे बोलते, पगाराचे काय होते. १९२५ मध्ये यातून तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी राहिली. पाहा, पारखा, करा, अशी तिची तीन पावले. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात या तीन पावलांचा पुरस्कार केला, आणि १९६५ मध्ये कार्डाइन यांना कार्डिनल करण्यात आले. चळवळ उभारताना त्यांच्याबरोबर होते ते फेर्नां तोने, पॉल गार्से व जॅक मेर हे तरुण. तोने व गार्से यांना दुसऱ्या महायुद्धात डाखाऊच्या छळछावणीत १९४५ मध्ये मरण आले. कार्डाइन यांनी तरुणांवर जबाबदारी टाकली ती शोभेची नव्हती, हे यावरून कळावे.

आमच्या गावी ही पावले कशी पडतील? समजा, एका नायकाने सांगितले की दहावी नापास झालेला अमुक मुलगा हल्ली दिसत नाही. हे पाहणे झाले. का दिसत नाही? त्याला लाज वाटते की घरचे सोडत नाहीत, की त्याने कोठे काम धरले आहे? आपण त्याला काही बोललो का? ही पारख. मग दोघांनी उद्या त्याच्या घरी जावयाचे, चेंडू घेऊन, निकालाचा विषय न काढता. ही कृती. पुढल्या आठवड्यात त्याविषयी पुन्हा विचारावयाचे. या साऱ्यात सोबत्याचे वाक्य एकच, आणि तेही प्रश्नार्थक. गप्प बसणे हे मोठ्या माणसास किती जड जाते याचा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांनाच कार्डाइन यांची थोरवी कळेल. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ च्या तरुणांविषयीच्या पत्रात हाच मुद्दा मांडला, की तरुणांमधील कार्याचे कर्ते तरुणच असले पाहिजेत. मोठ्यांनी सोबत करावी, पण वाट त्यांची त्यांना काढू द्यावी.

येथे कोणी साने गुरुजींचे नाव घेऊन आम्हांला अडवील. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते व छात्रालयाचे काम पाहत. मुले शाळेत गेल्यावर त्यांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, पसरलेली अंथरुणे आवरीत, मुलांचे कपडेही धूत. मग मुलांचे काम मोठ्याने करू नये हे आमचे म्हणणे कसे टिकावे? आम्हांला वाटते, दोन्हींत भेद आहे. गुरुजींनी मुलांच्या हातचा केर काढला. त्यांच्या हातचा निर्णय काढून घेतला नाही. ज्या कामाला मान नाही ते मोठ्याने खुशाल करावे, आणि ज्याला मान आहे ते मुलांना द्यावे. आमच्याकडे बहुधा याच्या उलट चालते: खुर्च्या मुले उचलतात आणि माइक मोठे धरतात.

एका गावी आम्ही एक सुतार पाहिला. मंडळाचा सोबती तो. गोठ्याचे काम चालले की तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राही. असे का, म्हणून विचारले तेव्हा म्हणाला, “हात मोकळे ठेवले तर ते आपोआप हातोडी घेतात.” नाताळला तीन दिवस असताना मुलांनी उभारलेले छप्पर गवतासकट खाली आले. गाव हळहळले, गावात सुतार असता ही दशा, असेही बोलले गेले. सुताराने एवढेच विचारले, की भार कोणत्या खांबावर येत होता. मुलांनी बराच वेळ वाद घातला, मग चौथा खांब रोवला आणि रात्री उशिरापर्यंत काम केले. गोठा अखेरपर्यंत थोडा वाकडाच होता. मिस्सा सुटल्यावर त्या मुलांनी आपल्या आयांना हात धरून तो दाखवावयास नेले हेही आम्ही पाहिले. स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले नाही.

पैशाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे अवश्य आहे, कारण मंडळे फुटतात ती बहुधा येथेच. एका ठिकाणी चेंडूच्या वर्गणीचा हिशेब लागेना म्हणून दोन घराण्यांचे बोलणे बंद झाले; रक्कम एका जाळीच्या किमतीइतकीही नव्हती. सोबत्याने मंडळाचा पैसा आपल्या खिशात कधीही ठेवू नये, आणि आपल्या खिशातला मंडळात गुपचूप घालूही नये. दुसरी गोष्ट उदारपणाची वाटते, पण तिने मुलांना खोटा हिशेब शिकविला जातो. खजिनदार मुलगा असावा, वही त्याची असावी, पैसे काढताना दोघांच्या सह्या असाव्यात, आणि दर महिन्याला जमाखर्च चर्चच्या फलकावर लागावा.

मुलींचा प्रश्न आमच्या गावांत अजून अवघड समजला जातो. मंडळ मुलामुलींचे असावे असे आमचे मत आहे. पण मग सभा दिवेलागणीपूर्वी संपावी, सोबत्याबरोबर एक ताई नेमाने असावी, आणि मुलींकडे केवळ चहा व फुलांची सजावट जाऊ नये. हिशेबाची वही एकदा मुलीच्या हाती द्यावी आणि फरक पाहावा. शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान घरातील मुले खेळावयास आली तर त्यांना आनंदाने घ्यावे. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ साली शिवोलीला आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी, असे मानतात. पण तो खेळ काही चर्चच्या आवारात अडकून पडला नाही.

आता एक नाजूक, पण टाळता न येणारा विषय. मुलांमध्ये काम करण्यास पुढे येणारा प्रत्येक माणूस चांगल्या हेतूनेच येतो असे धरून चालणे हे भोळेपणाचे नाही, बेजबाबदारपणाचे आहे. आपल्या ख्रिस्तसभेने याबाबत जगभर कडू अनुभव घेतले आहेत आणि ते झाकून ठेवल्याने मुलांचे अधिक नुकसान झाले. म्हणून सोबती एकटा नसावा, दोघे असावेत. कोणा एका मुलाला घेऊन बंद खोलीत बसू नये. बोलणे खाजगी असले तरी जागा सर्वांच्या नजरेतील असावी. सहलीला मुलांच्या निजण्याची जागा निराळी असावी, आईबापांची लेखी संमती असावी. मोबाइलवर मंडळाचा समूह असेल तर त्यात दुसरा प्रौढही असावा, आणि रात्री एकेका मुलाला संदेश पाठविण्याची सवय कोणत्याही सोबत्याने ठेवू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा जो कायदा २०१२ मध्ये झाला, तो अठरा वर्षांखालील सर्वांना लागू आहे. असा अपराध कळूनही पोलिसांस न कळविणे हाच त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. गावाची अब्रू, घराण्याचे नाव, फादरांना काय वाटेल, ही कारणे तेथे चालत नाहीत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. तो फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. जो माणूस या नियमांनी अपमान मानील त्याला हे काम देऊ नये. चांगल्या सोबत्याचे रक्षणही याच नियमांनी होते.

मग असे माणूस आणावे कोठून? बेळगावकडील गावांत पलटणीतून निवृत्त झालेले जवान आहेत. त्यांना वेळेचे मोल कळते, फक्त हुकमाचा आवाज थोडा खाली आणावा लागेल. जहाजावरून किंवा आखातातून कायमचे परतलेले आहेत. त्यांनी जग पाहिले आहे आणि परदेशच्या नोकरीची खरी हकिगत ते मुलांना सांगू शकतात, जी दलाल सांगत नाही. शिक्षक आहेत, पण त्यांना आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवू, कारण दिवसभर शिकविलेल्या माणसास संध्याकाळी न शिकविणे कठीण जाते. शेतकरी आहेत. तरुण जोडपी आहेत. शर्त एकच, की आठवड्यातून दोन तास आणि वर्षातून एक सहल इतका वेळ तीन वर्षे देईन, असे घरच्यांशी बोलून ठरविलेले असावे. घरच्यांशी, हा शब्द आम्ही विचारपूर्वक घातला आहे. गावाच्या पोरांसाठी ज्याला वेळ आहे आणि स्वतःच्या पोरांसाठी नाही, त्याच्या बायकोची तक्रार खरी असते.

तीन वर्षांनंतर काय, हे पहिल्याच वर्षी ठरवावे. अठरा ओलांडलेल्या नायकांपैकी एकाला दुसऱ्या वर्षी बरोबर घ्यावे, तिसऱ्या वर्षी त्याला पुढे करावे आणि आपण कडेला व्हावे. ही कडेला होण्याची गोष्ट बोलण्यास सोपी आहे. नवा माणूस वेळ बदलतो, जुने गाणे टाकतो, सुतार हात बांधून उभा राही तेथे तो मुलांबरोबर सेल्फी काढतो. आणि जुन्याला वाटते की सारे मोडले. दोनचार महिने त्याने मैदानाकडे जाऊच नये.

ज्यांच्या गावी या नाताळात मंडळ निघणार आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडी व्यवहाराची सूचना. उद्घाटन, पाहुणे, फलक हे पुढे ढकलावे. प्रथम वार आणि वेळ ठरवून मिस्सानंतर जाहीर करावी. सभागृहाच्या किल्ल्या दोन करून घ्याव्यात. एक फादरांकडे, एक सोबत्याकडे. एक चेंडू, एक पंप, एक वही आणि जखमेला लावण्याचे औषध एवढे सामान पुरे. पहिल्या संध्याकाळी चारच मुले आली तर चौघांशी खेळावे. आणि पावसाळ्यात मैदानात पाणी साचते त्या चार महिन्यांसाठी कॅरमचा एक जुना बोर्ड आताच कोणाच्या तरी माळ्यावरून मागून ठेवावा.